देव राखतो म्हणजे काय करतो?

4 सप्टेंबर 1863 च्या रात्री नागपूरजवळच्या बोरी गावाशी, पूर आलेल्या ओढ्यात स्टीफन हिस्लॉप बुडाले. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून ते घोड्यावरून परतत होते. गोंडांच्या कथा टिपणारा, गोंडवनातले जीवाश्म गोळा करणारा हा स्कॉटिश पाद्री ज्या फ्री चर्चचा होता, त्याच्या विश्वासमतात देवाचे सार्वभौमत्व पायाशी आहे: देवाच्या हाताबाहेर काहीच घडत नाही. मग तो ओढा?

या प्रश्नाची उत्तरे चर्चमध्ये तयार मिळतात आणि ती मला नेहमीच घाईची वाटतात. ईयोबाच्या पुस्तकात सांत्वनाला आलेले मित्र दुःखाचे कारण समजावत बसतात आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावरच.

चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला, हा प्रश्न दुष्काळात भिडला. तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हाही चांद्यातच होता. 1896-97 पाठोपाठ 1899-1900 मध्ये पाऊस गेला. धानाचा हा मुलूख तलावांवर जगणारा. पाऊसच नाही तर तलावात काय येणार? 1901 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या गणनेपेक्षा घटलेली दिसते. चांद्यात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन होते आणि 1898 मध्ये अलेक्स वुड तिथे आले. पुढे ते नागपूरचे बिशप झाले. उपाशी माणसाला देऊ केलेल्या धर्माकडे लोकांनी संशयाने पाहिले, आणि तो संशय गैरवाजवी नव्हता.

पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात आणखी एक व्यक्ती फिरली: पंडिता रमाबाई. तिथून सुमारे तीनशे मुली त्यांनी सोबत नेल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. 1874 मध्ये दक्षिणेत आई-वडील, पाठोपाठ बहीण गेली. त्याआधी वडील अनंतशास्त्री यांनी दानधर्म, तीर्थयात्रा, अनुष्ठाने यांत होते नव्हते ते घातले होते. देव पावला नाही आणि रमाबाईंची श्रद्धा तुटली.

1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा वारली. या वेळी श्रद्धा तुटली नाही. का?

बाईंचा स्वभाव किंवा वय हे उत्तर मला पुरत नाही. वडिलांच्या श्रद्धेत हिशेब होता: इतके दिले, आता राख. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही देवावरच भिस्त होती, पण तिथे विहिरीही खणल्या गेल्या आणि मुलींना हातचे कामही शिकवले गेले. देव राखतो या वाक्यातून रमाबाईंनी स्वतःला वगळले नव्हते. राखायचे काम त्यांच्याही वाट्याचे होते. त्यामुळे दुःख आले तेव्हा मोडायला करारच नव्हता. मुलगी गेल्यावरही मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, तेव्हा ते पुरे झाले होते.