विश्लेषण : किनाऱ्यावरच्या छोट्या संगणकाला बिनपंख्याची पेटी का?

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेने समुद्राकडे उतरले की काळ्या खडकाला पडलेली जाळी दिसते. लाटा, वारा आणि मीठ यांनी मिळून बेसॉल्टची ही गत केली आहे. अशा हवेत सीसीटीव्हीचे चित्रण साठवायला किंवा पावसाची नोंद ठेवायला रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक चोवीस तास चालू ठेवायचा, तर तो थंड कसा राखायचा?

तो तापतो किती?

२०१२ मधल्या पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झवर चाले. त्याला थंड करण्याची वेगळी सोय लागत नसे. २०१९ मधल्या ‘पाय ४’चा वेग दीड गिगाहर्ट्झ झाला, २०२३ मधल्या ‘पाय ५’चा २.४ गिगाहर्ट्झ. वेगाबरोबर उष्णताही वाढली. चिप ८० अंश सेल्सिअसला पोहोचली की संगणक स्वतःच वेग कमी करू लागतो आणि ८५ अंशांपुढे तापू नये म्हणून आणखी लगाम घालतो. तो जळत नाही, पण चित्रण अडखळू लागते आणि मालक इंटरनेटला दोष देत बसतो.

मग पंखा लावला तर?

पुण्या-नाशिकात चालेल. किनाऱ्यावर मात्र पंखा बाहेरची खारी, दमट हवा सतत आत ओढून सर्किटवर फेकतो. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून ओले होते, आणि कोकणच्या पावसाळ्यात तेवढी आर्द्रता रोजचीच. हा ओला थर वीज वाहून नेतो, जोडण्यांना गंज चढवतो. पंख्याचे बेअरिंगही त्यातून सुटत नाही. शिवाय पंखा बंद पडल्याचे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेटी नेमके काय करते?

बिनपंख्याच्या पेटीत ॲल्युमिनियमचे कवचच उष्णता बाहेर टाकते. आतून निघालेला एक उंचवटा चिपवर टेकतो आणि उष्णता कवचभर पसरते. ॲल्युमिनियम हवेच्या हजारो पटींनी चांगले उष्णतावाहक आहे, म्हणूनच चिप आणि धातू यांच्यात राहिलेली हवेची बारीक फटही महागात पडते. ती भरायला मऊ थर्मल पॅड असतो.

सर्वाधिक घोटाळा या पॅडपाशीच होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिक असते. एका बाजूचे काढले जाते, दुसऱ्या बाजूचे राहून जाते. मग पेटी थंड लागते म्हणून मालक खूश असतो आणि आत चिप भाजत असते. पेटी हाताला गरम लागली तर घाबरू नये, उष्णता बाहेर येत असल्याचीच ती खूण आहे.

पेटी बसवताना वीजपुरवठा काढावा आणि मेमरी कार्डही आधी बाहेर काढून ठेवावे, नाही तर बोर्ड खोबणीत बसवताना ते मोडू शकते. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने आवळावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला तर बोर्ड वाकतो. पिना धातूला टेकत नाहीत ना, हेही पाहावे. ‘पाय ४’ची पेटी ‘पाय ५’ला बसत नाही, कारण नेटवर्क आणि यूएसबीच्या जागा बदलल्या आहेत.

झाकण लावल्यावर संगणकाला अर्धा तास कामाला जुंपावे आणि तापमान वाचावे. ७० अंशांच्या आत राहिले तर उत्तम.

तोटे कोणते?

धातूचे कवच वायफायचा सिग्नल अडवते. खोलीच्या टोकाला राउटर असेल तर केबल टाकणेच बरे. पेटी आजूबाजूच्या हवेपेक्षा थंडही होऊ शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालची हवाच चाळिशीला पोहोचली, तर हिशेब तिथूनच सुरू होतो. त्यामुळे ती बंद कपाटात न ठेवता भिंतीवर, खाचा उभ्या येतील अशी टांगावी, म्हणजे तापलेली हवा सरळ वर निघून जाते. खारी हवा ॲल्युमिनियमलाही सोडत नाही, विशेषतः लोखंडी स्क्रूभोवती. म्हणून ॲनोडाइझ केलेली पेटी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. पावसाळ्यानंतर एकदा झाकण उघडून पाहावे. स्क्रूपाशी पांढरी भुकटी दिसली तर ती कोरड्या ब्रशने झाडावी आणि पॅड नवा घालावा.