गृहपालाची खुर्ची

गृहपाल हे शासकीय वसतिगृहातले सर्वांत जबाबदारीचे आणि बाहेर सर्वांत कमी ओळखले जाणारे पद आहे. विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या वसतिगृहात हे काम रेक्टर किंवा वॉर्डन पाहतो. तो बहुधा प्राध्यापकच असतो आणि वसतिगृह हा त्याचा अतिरिक्त कार्यभार. समाज कल्याण विभागाचा गृहपाल मात्र पूर्णवेळ असतो. तो जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांना उत्तरदायी असतो.

त्याच्या कामाचा मोठा भाग कागदांचा आहे. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले पाहायचे, हजेरीपट, साठ्याची आणि जडवस्तूंची नोंदवही ठेवायची, भोजन ठेकेदाराची बिले तपासायची. डाळ पातळ असल्याची तक्रार त्याच्याकडेच येते आणि ठेकेदाराचे बिल थकले तर फोनही त्यालाच. गावाहून पहिल्यांदाच शहरात आलेल्या मुलाचे बिनसले आहे हे ओळखणे कोणत्याही नोंदवहीत बसत नाही. पालकाच्या जागी असलेल्या माणसाचे खरे काम तेच. वह्या मागायला वरिष्ठ येतात, त्यामुळे वेळ वह्यांना जातो.

मनुष्यबळाचा प्रश्न जुना आहे. समाज कल्याण आयुक्तालयाने 2024 मध्ये 219 पदांची जाहिरात काढली. त्यांत गृहपाल आणि अधीक्षकांची पदे 153 होती: 92 महिलांसाठी, 61 सर्वसाधारण. एका जाहिरातीत एवढ्या जागा निघाल्या, यावरून टंचाईचा अंदाज येतो. गृहपालाच्या हाताखाली लिपिक, शिपाई, सफाई कामगार आणि चौकीदार असतात, पण रात्री जागा असतो तो चौकीदारच. कुणाला ताप चढला तर 108 क्रमांकावर फोन बहुधा तोच लावतो. समुपदेशनाचे प्रशिक्षण कुणाला द्यायचे झाले, तर पहिला हक्क त्याचा आहे.

रॅगिंगपुरते बोलायचे तर कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने 1999 मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राघवन समितीच्या शिफारशींनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये विनियम काढले आणि वसतिगृहातला वॉर्डन चोवीस तास फोनवर उपलब्ध असावा असे बंधन घातले. मनाच्या आजारांकडे लक्ष जायला आणखी सोळा वर्षे लागली. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी आत्महत्यांविषयीच्या सुकदेब साहा प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, निवासी संस्थांत छताच्या पंख्यांत छेडछाड करता येऊ नये, टेली-मानससारख्या मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहात ठळक लावावेत. पंख्यांचे काम ठेकेदार उरकून देतो. समुपदेशकाला मात्र मुलांचा विश्वास कमवावा लागतो.

या सगळ्या व्यवस्थेमागे जुनी परंपरा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 मध्ये मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह चालू केले. नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने वसतिगृह आहे.

जागा मर्यादित आणि अर्ज जास्त, म्हणून 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मिळतात: भोजनासाठी 32 हजार, निवासासाठी 20 हजार, निर्वाहासाठी 8 हजार. नागपुरातली जरीपटका ही वस्ती आणि शेजारचा इंदोरा परिसर अशा भाड्याच्या खोल्यांसाठी सोयीचा आहे. तिथे मुलाला घरमालक मिळतो, मेस मिळते, गृहपाल मिळत नाही. पैसे थेट खात्यात पडले तरी आजारपणी दवाखान्यात नेणारा, सुट्टीत घरी गेला का हे विचारणारा माणूस या योजनेत कुठेच नाही. निधी येण्यास उशीर झाला की भाडे आणि डबा दोन्ही उधारीवर चालवावे लागतात. अशा विद्यार्थ्यांसाठी विभागाने परिसरनिहाय एखादा संपर्क गृहपाल नेमणे अवघड नाही, पण त्यासाठी आधी रिकाम्या खुर्च्या भराव्या लागतील.