चार पोस्टकार्डांवरची गाडी

१३८ चौरस सेंटिमीटर. माझ्या मावसभावाच्या माझ्दा एमएक्स-५ चं एक चाक रस्त्याला टेकतं ते एवढ्याच जागेवर. हिशेब सोपा आहे. गाडी साधारण १,०५० किलोची, चालवणारा ७५ किलोचा. चार चाकांत वाटलं की दर चाकावर २८१ किलो. टायरमधली हवा २९ पीएसआय, म्हणजे २०० किलोपास्कल. भाराला दाबाने भागलं की झालं. टायरची बाजूही थोडा भार पेलते, गाडीचं वजनही चारही चाकांवर अगदी सारखं नसतं, त्यामुळे आकडा ढोबळ आहे. पण आपलं पोस्टाचं कार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. दोन दारांची ही लाल गाडी आणि तिचा मालक असे मिळून चार पोस्टकार्डांवर धावतात. वळणं, ब्रेक, पाऊस, सगळं त्यावरच निभवायचं.

भाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतो. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच टायर गोटा व्हायला आले होते. मार्चमध्ये त्याने मला तीन पर्याय पाठवले: रिम १७ ची १८ इंच करावी, नाहीतर टायर २०५ चे २२५ मिलिमीटर रुंद घ्यावेत, नाहीतर सरळ ट्रॅकवर पळवायचे चिकट टायर बसवावेत. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती, की जास्त महाग तेवढी जास्त पकड. मी कागद-पेन घेऊन बसलो.

पकड महत्त्वाची आहे यात वाद नाही. ताशी १०० किलोमीटरवरून कचकन ब्रेक दाबला आणि घर्षणाचा गुणांक १.१ मिळाला, तर गाडी ३६ मीटरमध्ये थांबते. ०.९ मिळाला तर ४४ मीटर लागतात. आठ मीटरचा फरक म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन एमएक्स-५. ऐकायला फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे उभी राहते, नेमक्या त्याच जागेवरून दुसरी अजून ताशी ४३ च्या वेगाने पुढे जात असते. मला हा आकडा मीटरांपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण समोर ट्रक असेल तर आदळण्याचा वेग तोच.

आता रुंदी. भार तोच, हवा तीच, तर टायर २०५ चा असो की २२५ चा, टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा आकार: उभं पोस्टकार्ड आडवं होतं. आडव्या पोस्टकार्डाचा वळणावर फायदा होतो, हे खरं. पण त्याची किंमत पावसात मोजावी लागते. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ताशी ९० ने चालली आहे असं धरा. २०५ चा टायर दर सेकंदाला सुमारे १५ लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे सेकंदाला एक बादली, आणि तीही एका चाकाची. २२५ च्या टायरला जवळपास १७ लिटर सारावं लागतं. हे पाणी वाहून न्यायला टायरच्या खाचा असतात. त्या झिजल्या की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून या तरंगण्याचं एक सूत्र काढलं होतं: किलोपास्कलमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ६.३६. आपल्या २०० किलोपास्कलला उत्तर येतं ताशी ९० किलोमीटर. विमानाचं सूत्र गाडीला तंतोतंत लागू पडत नाही, तरी ऑटोबानवर ‘ओल्या रस्त्यावर ८०’ अशा पाट्या उगाच लावलेल्या नसतात.

रिमचा प्रश्न गुणाकारातच निकालात निघाला. २०५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंच. बाजू ९२ मिलिमीटरची, पूर्ण चाक ६१६ चं. १८ इंची रिमवर २०५/४० घेतला तर चाक ६२१ चं होतं, वेगमापकात टक्काभराचाही फरक पडत नाही. पण रबराची बाजू ८२ वर येते. खड्डा आणि रिम यांच्यामधली दहा मिलिमीटरची गादी काढून टाकायची, आणि त्यासाठी चार नव्या रिमांचे पैसे मोजायचे. टायरवर मापापुढे लिहिलेलं ८४ डब्ल्यू हे भार आणि वेग सांगतं: एका टायरवर ५०० किलो, ताशी २७० पर्यंत. गाडीला एवढं पुरून उरतं.

खरा गुंता तिसऱ्या पर्यायात होता. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर झिजेचा एक अंक असतो. त्याची चाचणी पश्चिम टेक्सासमधल्या ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर होते. एकूण ११,६०० किलोमीटर टायर पळवतात आणि प्रमाण टायरच्या मानाने किती झिजला ते मोजतात. १०० म्हणजे प्रमाणाइतकाच, २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४एस वर ३०० हा अंक आहे, योकोहामाच्या ए०५२ वर २००. अंक लहान तेवढं रबर मऊ आणि चिकट, असं लोक सरसकट धरतात. पण हा अंक सरकार देत नाही, चाचणीवरून कंपनी स्वतःच लावते. त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० यांची तुलना करणं म्हणजे दोन घरच्या वाट्यांनी तांदूळ मोजणं. युरोपातल्या लेबलावरचं ओल्या रस्त्याचं ए ते ई हे अक्षर त्यामानाने कामाचं. मात्र कोरड्या वळणावर गाडी कशी वागेल, याबद्दल तेही गप्प.

ट्रॅकच्या टायरची पकड उष्णतेतून येते. जड, ताकदवान गाडी दोन-चार चकरांत त्याला तापवते. हजार किलोची एमएक्स-५ सकाळी कामावर जाताना तापवणार किती? आणि इथे तापमानाचा मुद्दा येतो. आपल्याला तो सहसा सुचत नाही. पुण्यात जानेवारीतल्या एखाद्याच पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो, त्यामुळे आपण बारा महिने उन्हाळी टायरच वापरतो आणि त्याला नुसतं टायर म्हणतो. जर्मनीत ७ अंश ही ढोबळ सीमा मानतात. त्याखाली उन्हाळी रबर ताठर व्हायला लागतं. उणे ७ च्या खाली तर गाडी हलवली तरी त्याला चिरा पडू शकतात, असं काही कंपन्या बजावतात. हिवाळी टायर कधी चढवायचे याचा तिथला मंत्र आहे ‘ओ बिस ओ’, ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत.

मंत्र ठीक आहे, पण भावाचा रविवारचा रस्ता म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५००. तो मुमेलझे तळ्यापाशी १,०३६ मीटरवर चढतो. स्टुटगार्टचा मध्य आहे २४५ मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश या सरासरीने वर ५ अंश कमी. एप्रिलमध्ये घरून १२ अंशांत टप खाली करून, ऊन खात निघालेला माणूस तळ्याशी पोचेपर्यंत बरोबर ७ वर असतो, आणि सावलीतलं वळण त्याहून गार. ट्रॅकचा टायर तिथे साध्या उन्हाळी टायरपेक्षाही कमी पकडेल. शिवाय हवा. तळघरात २० अंशांत २९ भरली की ५ अंशांत ती २७ च्याही खाली जाते. त्यामुळे भरताना गाडी कुठे आणि किती गार होती, हेही लक्षात ठेवायला लागतं.

भाऊ तरी कुरकुरत होताच. मग मी त्याला टोयोटा जीटी८६ ची आठवण करून दिली. २०१२ मध्ये आलेली, २०० अश्वशक्तीची, मागची चाकं फिरवणारी अस्सल स्पोर्ट्स कार. तिला कंपनीने टायर दिले ते मिशलिन प्रायमसी एचपी, २१५ रुंदीचे, जे प्रियसलाही मिळत. टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या गाडीचे टायर! अभियंत्यांना गाडी कमी वेगातही सरकती, खेळकर हवी होती. पकड वाढवली असती तर गमतीची सुरुवात साध्या रस्त्यावर चालत नाही अशा वेगावर झाली असती. हलक्या गाडीला हे तर्कशास्त्र आणखी जास्त लागू होतं, असं माझं मत. दोनशे अश्वशक्तीच्या पुढची, दीड टनाची गाडी असती तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता.

शेवटी ठरलं: मूळ मापाचेच २०५/४५, झिजेचा अंक ३०० च्या आसपास, ओल्या रस्त्याला ए. जुन्या टायरच्या खाचेत त्याने एक युरोचं नाणं उभं करून दाखवलं. त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची, आणि ती पूर्ण बाहेर दिसत होती. कायद्याला १.६ चालतात, तिथेही आणि आपल्याकडेही, पण पाण्याला चालत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये टायर आले. बसवण्याआधी व्हिडिओ कॉलवर मी त्याला प्रत्येकाच्या बाजूवरचा शेवटचा चार अंकी आकडा वाचायला लावला: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ०८२५. ०८२५. ०८२५. चौथ्यावर त्याने बोटाने धूळ पुसली, टॉर्च जवळ नेला: ३१२२. अडीच वर्षांहून जास्त काळ कुठल्यातरी गोदामात पडलेला. त्याने तो टायर तसाच भिंतीला टेकवून ठेवला आणि दुकानदाराचा नंबर शोधायला लागला. गाडी अजून जॅकवर होती.