मालगुडीला पुन्हा जाताना

आवडती मालिका संपून जवळजवळ वीस वर्षे लोटली आणि अचानक कानावर आले की तिचे नवे भाग येणार आहेत, तर मनात आधी काय येते? आनंद, की धास्ती? 'मालगुडी डेज'च्या चाहत्यांपुढे हा प्रश्न २००६ मध्ये खरोखरच उभा राहिला.

मालगुडी हे गाव नकाशावर नाही. त्याचा जन्म मात्र बंगळूरचा. १९३० च्या विजयादशमीला आर. के. नारायण तेथे कोरी वही घेऊन बसले आणि त्यांच्या मनातल्या एका छोट्या स्टेशनात आगगाडी येऊन थांबली. त्या स्टेशनाचे नाव मालगुडी. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या बंगळूरच्या दोन जुन्या वस्त्यांची नावे जोडून ते झाले, असे आजही लोक कौतुकाने सांगतात.

हे गाव छोट्या पडद्यावर वसवले ते शंकर नाग यांनी. मराठी माणसाला ते परके नव्हेत. तरुणपणी ते मुंबईत मराठी नाटकांतून वावरले होते आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. मालिकेसाठी त्यांनी शिमोगा जिल्ह्यातले पावसाळी आगुंबे निवडले. स्वामी झाला मास्टर मंजुनाथ. त्याचे करारी वडील म्हणजे माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड. रेखाचित्रे लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांची आणि संगीत एल. वैद्यनाथन यांचे. ती धून ऐकू आली की हातातली कामे टाकून माणसे दूरदर्शनपुढे येऊन बसत.

साठच्या दशकातले घर

स्वामी सर्वांचा लाडका. पण मोठ्यांच्या मनाला खोलवर भिडला तो मिठाईवाला जगन. 'द व्हेंडर ऑफ स्वीट्स' ही कादंबरी १९६७ ची. जगन गांधीजींचा अनुयायी, घरी सूत कातणारा. त्याचा मुलगा माली कॉलेज सोडून अमेरिकेला जातो. परततो तो ग्रेस नावाच्या तरुणीला आणि गोष्टी लिहिणाऱ्या यंत्राची योजना बरोबर घेऊन. यंत्रासाठी त्याला बापाचा पैसा हवा. बाप नाही म्हणत नाही, पण होही म्हणत नाही, आणि एकाच छपराखाली दोघांतले बोलणे आटत जाते.

अनंत नाग यांनी हा जगन साकारला. मुलगा परदेशातून आला, पण आपल्याकडे आलाच नाही, हे दुःख आज किती घरांना ठाऊक आहे! म्हणूनच ते भाग जुने वाटत नाहीत.

नव्या भागांची वाट

पहिल्या खेपेला ३९ भाग झाले. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय अवघे ३५. २००१ मध्ये नारायणही गेले. त्यानंतर 'देवीरी' चित्रपटाच्या दिग्दर्शिका कविता लंकेश यांनी १५ नवे भाग करायला घेतले, तेव्हा स्वामी झालेला मंजुनाथ तिशीच्या घरात होता. मग मालगुडीत उरले कोण?

उरले होते गाव. एरवी मालिकेतून नायक गेला की कथा लंगडी पडते. मालगुडीत मात्र दर गोष्टीला माणसे नवी. कायम असतात ती नदी, बाजार आणि स्टेशन. नारायण यांच्या गोष्टींचा साठाही मोठा. म्हणून दिग्दर्शक बदलूनही तेथे पुन्हा जाता येते.

तरीही खरे सांगायचे तर, प्रेक्षक केवळ नव्या गोष्टीची वाट पाहत नसतो. जुनी धून ऐकताना शेजारी बसलेली आई, दाराशी उभे असलेले आजोबा, एकाच टीव्हीभोवती जमलेली आळी, हे सारे त्याला परत हवे असते. ते देणे कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातचे नाही. नव्या भागांवर रुसण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले, तर त्यांना न्याय मिळेल.

लहान मुलांचे बरे असते. ती तुलना करीत नाहीत. त्यांना स्वामी प्रथमच भेटतो.

मालिकेतले स्टेशन म्हणजे शिमोग्याजवळचे अरसाळु. तेथील जुन्या इमारतीत २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय उभे राहिले. सुटीत मुलांना तेथे जरूर न्यावे. मात्र त्याआधी घरी सर्वांनी मिळून दोनचार भाग पाहावेत आणि पाहताना आपल्या लहानपणीची आळी त्यांना सांगावी. नव्या पिढीचा मालगुडी तेथूनच सुरू होईल.