कायद्याने घडवलेली मालमोटार

मालमोटारीचे रूप कारखान्यातील अभियंता ठरवतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ब्रिटनमधील जुन्या मालमोटारींचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत अपुरी वाटू लागते. लेलँड, ए.ई.सी., फोडेन, स्कॅमेल, बेडफर्ड ही नावे एके काळी दूरदूरच्या देशांतील रस्त्यांवर परिचित होती. त्या गाड्यांना चाके किती असावीत, यंत्राची शक्ती किती असावी, इतकेच नव्हे तर चालकाने रात्री कोणत्या गावी मुक्काम करावा, याचा निकाल पुष्कळ अंशी पार्लमेंटच्या कायद्यांनी लावला.

प्रारंभच पाहावा. यांत्रिक वाहनापुढे एका माणसाने पायी चालावे, हा जुना दंडक हलक्या वाहनांपुरता १८९६ साली रद्द झाला. त्याच वर्षी लँकेशायरमधील लेलँड या गावी लँकेशायर स्टीम मोटर कंपनी स्थापन झाली. तिची पहिली गाडी वाफेवर चालणारी व दीड टन माल वाहणारी होती. १९०७ साली या कंपनीने लेलँड मोटर्स हे नाव धारण केले. पहिल्या महायुद्धात तिने सैन्याला सुमारे सहा हजार लॉऱ्या पुरवल्या. युद्ध संपल्यावर सैन्यातील जुन्या लॉऱ्या स्वस्तात विक्रीस निघाल्या आणि सैन्यातून सुटलेल्या अनेकांनी त्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा आरंभला. झिजलेल्या गाड्यांमुळे आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून लेलँडने आपल्या पुष्कळशा गाड्या परत विकत घेतल्या आणि दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणल्या. या उद्योगाने कंपनी मोठ्या तोट्यात गेली. पण तिचे नाव राहिले.

रस्त्यावरील ही वाहतूक वाढली, तशी रेल्वे कंपन्यांची तक्रार वाढली आणि पाठोपाठ निर्बंध आले. १९३० च्या कायद्याने रिकामे वजन अडीच टनांहून अधिक असलेल्या मालमोटारीला ताशी २० मैलांची मर्यादा घातली. त्याहून हलक्या गाडीला ३० मैल मोकळे होते. बेडफर्डने १९३४ साली तीन टन माल वाहणारी, पण स्वतः अडीच टनांच्या आत राहणारी लॉरी काढली. कायद्यातील एका आकड्याभोवती बेतलेले ते वाहन होते, आणि त्याला गिऱ्हाइकांचा तोटा पडला नाही.

वाहनकरही गाडीच्या रिकाम्या वजनावर आकारला जाई. १९३३ साली त्याचे दर वाढले, तेव्हा बाष्पपात्र, कोळसा आणि पाणी यांचे ओझे वागवणारी वाफेची गाडी परवडेनाशी झाली. चेशायरमधील सँडबॅक येथील फोडेन कंपनी वाफेच्या गाड्यांसाठीच प्रसिद्ध होती. डिझेलचाच काळ येणार, अशी खात्री झालेले एडविन रिचर्ड फोडेन घराण्याच्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९३३ साली त्यांनी त्याच गावात स्वतःच्या आद्याक्षरांची ई.आर.एफ. ही गाडी उभी केली. तिच्यात मँचेस्टरजवळच्या गार्डनर कारखान्याचे डिझेल यंत्र होते. पुढे फोडेननेही वाफ सोडली, आणि एका गावात एकाच घराण्याच्या दोन मालमोटारी एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या.

मोठ्या भारासाठी आठचाकी गाडी निर्माण झाली, तीही अशाच हिशेबातून. प्रत्येक आसावर किती वजन पडावे हे ठरलेले असल्याने अधिक माल न्यायचा तर आस वाढवणे भाग होते. मागे जोडगाडी लावली तर तिच्यासाठी वेगळा मदतनीस ठेवावा लागे आणि त्याचा पगार अंगावर पडे. म्हणून पुढचे दोन्ही आस वळणारी, एकसंध सांगाड्याची, बावीस टन एकूण वजनाची गाडी ब्रिटिश रस्त्यांची राणी ठरली. तिच्यातील गार्डनरचे सहा सिलिंडरांचे यंत्र १०२ अश्वशक्तीचे असे, म्हणजे टनामागे पाच अश्वशक्तीही पडत नसे. तथापि वीस मैलांच्या वेगाला तेवढी शक्ती पुरे होती. गार्डनर यंत्राची कीर्ती वेगासाठी नव्हती. थोड्या तेलात दीर्घकाळ बिनतक्रार चालण्यासाठी होती.

या साऱ्या हिशेबाची किंमत चालकाने मोजली. वजन वाचवण्यासाठी केबिन लाकडी चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केलेली असे. यंत्र चालकाच्या शेजारीच धडधडे, आणि उष्णता देणारे साधन मात्र पुष्कळ गाड्यांत नसे. हिवाळ्यात जाड कोट घालूनच बसावे लागे. कायद्याने चोवीस तासांत अकरा तास गाडी चालवण्याची मुभा होती. वीस मैलांच्या वेगाने, वाटेत कोठेही न थांबता, हे अंतर २२० मैल भरते. लंडन ते ग्लासगो अंतर सुमारे चारशे मैल आहे. तेव्हा वाटेत रात्र काढणे अटळ होते, आणि शॅपच्या सुमारे १४०० फूट उंचीच्या चढावर बर्फ पडले तर मुक्काम लांबे. त्या वाटेवरची साधी उपाहारगृहे व निवासगृहे याच कारणाने नांदती होती.

पुढे नियम बदलले. १९५७ साली वीस मैलांची मर्यादा तीसवर आली. वेळ वाचणार, पण मजुरी कमी होणार नाही ना, ही शंका कामगारांच्या मनात होती. १९५९ साली लंडनहून उत्तरेकडे जाणारा एम-१ हा द्रुतमार्ग खुला झाला आणि मंद वेगासाठी घडवलेली यंत्रे त्यावर तापू लागली. १९६४ च्या नियमांनी सांधेजोड गाड्यांना ३२ टनांपर्यंत मोकळीक दिली, तेव्हा आठचाकीचे वर्चस्व ओसरले. १९६७ पासून स्वीडनच्या व्होल्वो व स्कॅनिया गाड्या आल्या. त्यांत पोलादी केबिन, अधिक शक्ती आणि उबदार आसन होते. जे चालकाला पूर्वी मागूनही मिळत नव्हते, ते परदेशी कारखान्याने न मागता दिले.

त्यानंतरची नोंद दुःखद आहे. ए.ई.सी.चा साउथॉल येथील कारखाना १९७९ साली, स्कॅमेलचा वॉटफर्ड येथील १९८८ साली बंद झाला. फोडेनचे नाव २००६ साली व ई.आर.एफ.चे त्याच्या पुढच्या वर्षी संपले. लेलँड गावी मालमोटारी अद्याप तयार होतात. पण त्यांवर नाव डाफ या डच कंपनीचे असते. त्याच गावातील संग्रहालयात जुन्या गाड्या जपून ठेवलेल्या आहेत.

लेलँड हे नाव मात्र भारतात टिकले. मद्रासजवळील एन्नोर येथे १९४८ साली स्थापन झालेली अशोक मोटर्स १९५५ साली अशोक लेलँड झाली, आणि तिच्या कॉमेट मालमोटारीने येथील दोन पिढ्यांचा माल वाहिला. महाराष्ट्रात भंडारा येथेही तिचा कारखाना आहे.

ब्रिटिश मालमोटारी वाईट बांधणीमुळे मागे पडल्या, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या काळाच्या नियमांत त्या इतक्या चपखल बसल्या होत्या की नियम बदलताच त्यांचा गुण हाच त्यांचा दोष ठरला. वाहन बेताना वजनाचा प्रत्येक शेर मोजला गेला. त्यात बसणाऱ्या माणसाच्या सुखाचा आकडा मात्र कोणत्याच कोष्टकात नव्हता. बाजाराने तो पुढे मांडला, तेव्हा फार उशीर झाला होता.