आजेसासूबाईंचं माहेरचं नाव काय?

मैत्रिणींनो, तुमच्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव काय? आणि आडनाव? थांबलात ना? मीही अशीच थांबले होते. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला होता. घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं उभे, बायका कुठंच नाहीत. "आई, या सगळ्यांना आया नव्हत्या का गं?" तिनं विचारलं. मला उत्तर देता येईना.

आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाजागी नवऱ्याचं येतं. पूर्वी तर ताटातल्या तांदळांवर नवं नावही लिहिलं जाई. माहेरची गोदी सासरची लक्ष्मी झाली, की गोदीचा माग संपला! सासर-माहेर एकत्र सापडतं ते बहुधा लग्नाच्याच कागदात. म्हणून शोध तिथूनच सुरू करावा.

आधी घरातली जुनी ट्रंक उघडा. लग्नपत्रिका हाती लागली तर सोनंच! वधूच्या वडिलांचं नाव, गाव, ती ज्येष्ठ कन्या की कनिष्ठ, सगळं तीत असतं. पत्रिका नसेल तर लग्नाच्या याद्या, खर्चाची वही आणि आहेराची यादी बघा. कुणाकडून काय आलं, हे पुढं परत करायला सोपं जावं म्हणून लिहून ठेवत. आमच्या वहीत एक ओळ होती, "वधूचे चुलते, रु. २ व खण." पुढं आडनाव आणि गाव. एवढ्यानं माहेर सापडलं!

जुन्या कागदांवर बरेचदा शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८५१ च्या वैशाखातलं लग्न १९२९ सालचं. तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवा.

घरात काहीच नसेल, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. घराण्याचं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं, की यात्रेला येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं निघू शकतात. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती भगिनींनी चर्चमधलं विवाहाचं नोंदणीपुस्तक विचारावं. अशी पुस्तकं ठेवायचा नियम १५६३ सालचा. सरकारी कचेरीत मात्र फार आशेनं जाऊ नका. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ सालचा. त्याआधीची आपल्याकडची बहुतेक लग्नं सरकारदफ्तरी नाहीतच.

सापडलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तो पिवळा पडून फाटतो. मोबाइलवर फोटो काढा, कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

आणि हो, सगळ्यांत आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. ती वही मी नव्वदीच्या आत्याबाईंना वाचून दाखवली. चुलत्यांचं नाव ऐकताच त्या हसल्या. "अगं, हे तर आईचे काका! तिला माहेरी सगळे चिमणी म्हणायचे." हे घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. मी आणखी दोन महिने आळस केला असता तर?

लेकीच्या वंशवृक्षावर आता पणजोबांशेजारी पणजीचं नाव आहे, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. बाकीच्या जागा अजून रिकाम्या आहेत.

तुमच्या घरातली एक जागा या आठवड्यात भराल? आणि तिथंच तुमचंही माहेरचं नाव लिहून ठेवा बरं!