बंदोबस्त विकत घेतला, पण चालू आहे का?

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. हेमाडपंती मंदिरे, कोरीव उंच स्तंभ आणि पायऱ्यापायऱ्यांची जुनी बारव ही या गावाची ओळख. बारवेत पाणी कितीही असो, खाली उतरायची वाट ठरलेली असते. समजा, पाणी नको असलेली शे-पाचशे माणसे रिकाम्या घागरी घेऊन त्या पायऱ्यांवर येऊन बसली. पाणी आटलेले नाही, चोरीला गेलेले नाही, कुणी नासवलेलेही नाही. तरी तहानलेला माणूस कोरडाच परततो. इंटरनेटवर मुद्दाम घडवून आणलेल्या अशा अडवणुकीला सेवा-नकार हल्ला म्हणतात. संगणकवाल्यांच्या बोलीत तो ‘डीडॉस’.

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,’ हे वाक्य खरीप पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत किंवा दहावीच्या निकालादिवशी गावोगावच्या सेवा केंद्रांवर ऐकू येते. ती बहुतेक वेळा खऱ्या गरजूंची गर्दी असते. हल्ल्यातली गर्दी भाड्याची असते, आणि दोन्ही गर्दी एकाच दारातून येत असल्याने त्या वेगळ्या ओळखणे हेच सगळ्यात अवघड काम.

महाराष्ट्राने हा प्रकार जवळून पाहिला तो जुलै २०१६ मध्ये. मुंबईतल्या इंटरनेट पुरवणाऱ्या काही लहान-मध्यम कंपन्यांवर खोट्या मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. २०० गिगाबिट म्हणजे २५ गिगाबाइट; एक गिगाबाइटचा एक सिनेमा धरला तर दर सेकंदाला पंचवीस सिनेमे. ग्राहकांचे इंटरनेट मंदावले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

त्याच वर्षी या भाड्याच्या फौजेचे गुपितही जगाला कळले. ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्राम इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरे. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकाने बदलला नसेल, तर साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून तो आत शिरे. दुकानाच्या छताखालचा कॅमेरा गल्ल्यावर नजर ठेवता ठेवता दूरच्या कुणावर तरी हल्ला करत असे, आणि मालकाला पत्ता नसे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच फौजेने अमेरिकेतल्या ‘डाइन’ कंपनीला वेठीस धरले, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना उघडेनात. पुढे आकडे फुगतच गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आशियातल्या एका ग्राहकावर सेकंदाला ३.४७ टेराबिटचा मारा झाला. मुंबईच्या लोंढ्याच्या तो सतरापट होता.

एवढे पाणी एका इमारतीला पेलवत नाही, म्हणून बंदोबस्त मोठमोठी संगणक-केंद्रे चालवणाऱ्या क्लाउड कंपन्यांकडे गेला. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. यंत्राच्या भाषेत त्याचे नाव मात्र ‘सेंट्रल इंडिया’, म्हणजे पुणे मध्य भारतात! ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र जून २०१६ मध्ये आले, गुगलचे २०१७ मध्ये. प्राथमिक संरक्षण या कंपन्या सर्वांना फुकट देतात. वरचे संरक्षण विकत घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमधले असे संरक्षण प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्यावरची रोजची वर्दळ शिकून घेते, तिच्यावरून तीन प्रकारच्या मर्यादा ठरवते आणि मर्यादा ओलांडली की खोटी मागणी गाळून खरी पुढे सोडते.

नवलाची गोष्ट अशी की हा अवाढव्य बंदोबस्त जागेवर आहे की नाही, हे काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून विचारता येते. या पडद्याला कमांड लाइन म्हणतात. खात्याची परवानगी, लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट एवढे असले की चारठाण्यातून पुण्याच्या केंद्राची झडती घेता येते.

अझूरमध्ये ‘एझेड नेटवर्क डीडॉस-प्रोटेक्शन लिस्ट’ अशी आज्ञा दिली की विकत घेतलेल्या योजनांची यादी येते. यादीत नाव दिसले की अनेकजण समाधानाने लॅपटॉप मिटतात. खरी परीक्षा पुढच्या आज्ञेत आहे. ‘एझेड नेटवर्क व्हीनेट शो’ म्हणून आपल्या आभासी जाळ्याचे, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्कचे, नाव दिले की लांबलचक उत्तर येते आणि त्यात एक ओळ असते: ‘एनेबल डीडॉस प्रोटेक्शन’. तिच्यापुढे ‘ट्रू’ असेल तर जाळे योजनेला जोडलेले आहे. ‘फॉल्स’ असेल, तर योजनेचे बिल भरूनही हे जाळे तिच्या बाहेर आहे. एकेका सार्वजनिक पत्त्यापुरते वेगळे संरक्षणही घेता येते. तसे असेल तर पत्त्याची नोंदही तपासावी.

ॲमेझॉनच्या संरक्षणाचे नाव ‘शील्ड’. तिथे ‘शील्ड गेट-सबस्क्रिप्शन-स्टेट’ विचारले की ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘इनॲक्टिव्ह’ असे एका शब्दाचे उत्तर मिळते. पण ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे वर्गणी चालू आहे एवढेच. कोणकोणत्या गोष्टी छत्राखाली आणल्या, हे ‘शील्ड लिस्ट-प्रोटेक्शन्स’ सांगते. या वरच्या संरक्षणाची वर्गणी महिन्याला ३,००० डॉलर, बांधिलकी वर्षाची. आणि यादीत न घातलेले यंत्र या छत्राबाहेरच राहते. गुगलच्या ‘क्लाउड आर्मर’ या संरक्षणात एखाद्या नियमापुढे ‘प्रिव्ह्यू : ट्रू’ असे दिसले तर तो नियम फक्त नोंद करतो, अडवत कुणालाच नाही. चौकीदार वहीत नावे लिहितो आहे आणि फाटक सताड उघडे आहे, असा प्रकार.

आणखी एक चकवा रिकाम्या उत्तराचा. यादी मागितली आणि नुसता रिकामा कंस आला, तर ‘काहीच नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. एकाच माणसाकडे दोन-तीन खाती असतात आणि प्रश्न भलत्याच खात्याला विचारला जातो. आधी ‘एझेड अकाउंट शो’ म्हणून आपण कोणत्या घरात उभे आहोत ते पाहावे, मग कपाट उघडावे.

या आज्ञा फक्त पाहणाऱ्या आहेत. त्यांनी कोणतीही सेटिंग बदलत नाही, काही बिघडत नाही. म्हणून ज्यांच्या हाती एखादी सार्वजनिक सेवा आहे, त्यांनी मुदतीच्या आणि निकालाच्या दिवसांच्या आठवडाभर आधी ही तपासणी करावी आणि आलेले उत्तर तारखेसह जपून ठेवावे. ज्यांच्या हाती फक्त दुकानातला एक कॅमेरा आहे, त्यांनी कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड आजच बदलावा.